येशीच्या कागदांची पिशवी

मी एक जुनी चाकांची पिशवी आहे. बाजारहाटाला नेतात ना, खाली दोन चाके आणि वर वाकडी दांडी असलेली, तीच. माझे कापड लाल-हिरव्या चौकड्यांचे होते. आता लाल रंग विटला आहे आणि हिरवा कुठे गेला ते मलाच शोधावे लागते. मित्रांनो, पिशवीने कोपऱ्यात स्वस्थ उभे राहावे असे लोकांना वाटते. पण ज्याला चाके दिली त्याला स्वस्थ कसे बसवेल? माझ्या नशिबी मात्र चालण्यापेक्षा थांबणेच जास्त आले. त्या थांबण्याने माझा जेवढा जीव खाल्ला तेवढा इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावच्या चढांनीही खाल्ला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ज्या बाईने मला शिवले तिने माझ्या तळाला दुहेरी शिवण घातली. शेजारच्या पिशवीच्या वेळी जेवणाची घंटा झाली आणि तिला एकेरीवरच भागवावे लागले. कुणाच्या वाट्याला काय येते ते असे घंटेवर ठरते, हे मी पहिल्याच दिवशी शिकले.

माझी पहिली मालकीण डोरीनबाई. सुरी-काट्यांच्या कारखान्यात तिने उभा जन्म काढला होता. तिचे हात खरखरीत आणि जीभ त्याहून खरखरीत. अकरा वर्षे मी तिच्याबरोबर बाजार केला. बटाटे, कोबी, शुक्रवारी मासे. चढावर ती थांबायची, माझ्या दांडीवर रेलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही माझी पोर. नवऱ्यापेक्षा जास्त वजन उचललंय हिनं, आणि तोंड उघडलं नाही." असे कौतुक ऐकले की माझी चाके आपोआप हलकी होत. पुढे डोरीनबाईचे खुबे गेले, मग घर गेले, आणि तिच्या भाचीने मला जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात नेऊन ठेवले. तिथे दोन हिवाळे मी एका बिनटोपीच्या दिव्याशेजारी उभी होते. लोक येत, दांडी हलवून बघत आणि पुढे जात.

मग येशी आली.

तिचे पूर्ण नाव येशीमबेत, पण सगळे येशीच म्हणत. इथिओपियातल्या बाहिर दारची. तिथे मोठे तळे आहे आणि तळ्याच्या रस्त्यावर तिचे झेरॉक्सचे दुकान होते. एकदा कॉलेजची पोरे काही पत्रके छापून घेऊन गेली. त्यांत सरकारविरुद्ध मजकूर होता. येशीने तो वाचला नव्हता, कारण छापणारा वाचत बसला तर दुकान चालायचे कसे? पोलिसांनी मात्र वाचला. तिला बावीस दिवस डांबून ठेवले. बाहेर आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटे वळत नव्हती. काही महिन्यांनी पोलीस पुन्हा दुकानाशी आले, तेव्हा ती मागच्या दाराने निघाली ती निघालीच. बारा वर्षांची मुलगी मेकलित बहिणीकडे ठेवली. 'तिकडे पोचले की तुला बोलावते,' एवढे सांगून ती देश सोडून आली होती.

इथे येऊन तिने आश्रयाचा अर्ज केला. म्हणजे असे, की मला इथे राहू द्या, परत पाठवलेत तर जिवाचे काही खरे नाही. अर्ज मान्य झाला तर मुलीला आणता येणार होते. नाही झाला तर मुलगी तिकडे, आई इकडे, आणि आईलाही कधी विमानात बसवतील त्याचा नेम नाही. एवढी एकच गोष्ट टांगणीला लागली होती, पण तिच्यात सगळेच आले.

सरकारने तिला टेकडीवरच्या एका घरात आणखी तीन बायकांबरोबर ठेवले होते. त्या घराचे छत गळले आणि एका सोमाली बाईचे सगळे कागद भिजून त्यांचा लगदा झाला. ते पाहून येशी दुसऱ्याच दिवशी दुकानात आली, माझ्या तळाची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "ही भिजणार नाही." ही माझी दुसरी शाबासकी.

तेव्हापासून माझ्यात बटाटे गेले आणि कागद आले. मित्रांनो, कागद बटाट्यांपेक्षा जड असतात. बटाटे संध्याकाळपर्यंत चुलीवर जातात आणि आपण रिकामे होतो. कागद मात्र एकाचे दोन आणि दोनाचे वीस होतात, आणि टाकता एकही येत नाही. येशी मला सोडून कुठेही जात नसे. दर पंधरवड्याला सरकारी कचेरीत हजेरी द्यायला जायची तेव्हाही मी बरोबर. चर्चमध्येही मी बरोबर. लोक हसत. "येशी, पिशवीचं लग्न लावून टाक आता," असे एक जण म्हणाला. तिने ऐकून सोडून दिले, पण मला राग आला. मी त्याच्या पायावरून चाक नेले.

तिला पहिले सॉलिसिटर मिळाले ते हार्डकासलसाहेब. सॉलिसिटर म्हणजे खटल्याचे कागद तयार करणारे वकील. मी जग जमिनीवरून पाहते, त्यामुळे मला माणसांचे बूट आधी दिसतात. साहेबांचे बूट सुंदर होते, आणि ते नेहमी दुसऱ्या खोलीच्या दिशेने निघालेले असत. पहिल्या भेटीत ते वीस मिनिटे बोलले आणि "दोन आठवड्यांत कळवतो" म्हणाले. दोन आठवड्यांचे चार महिने झाले. येशी दर मंगळवारी मला घेऊन त्यांच्या कचेरीत जाऊन बसे. समोरच्या टेबलाशी एक मुलगी असायची.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," ती म्हणे.

"मागच्या मंगळवारीही मीटिंगमध्येच होते," येशी आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणे.

"तीच चालू आहे."

ती मुलगी वाईट नव्हती. तिला तेवढेच बोलायला सांगितले होते. पण त्या कचेरीतल्या गालिच्यावर उभे राहून माझ्या चाकांना मुंग्या येत. येशीचे पाय सतत हलत असत. टाच वर, टाच खाली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होते, त्याचा काटा आणि तिची टाच यांची जणू शर्यतच लागलेली असे.

अर्जानंतर वर्ष उलटून गेल्यावर तिची सरकारी मुलाखत झाली. साहेब स्वतः आले नाहीत. कुणीच आले नाही. मी टेबलाखाली होते. तिचे बोलणे इंग्रजीत सांगायला एक दुभाषा बसवला होता. तो तिच्याच देशातला, पण आठ वर्षांचा असताना इकडे आलेला. येशी तिकडच्या तारखा सांगे. तो टेबलाखाली बोटे मोजी, एका हाताची पाच आणि दुसऱ्याची तीन, आणि मग इंग्रजी साल सांगे. अधिकारी लिहून घेई. चार तासांत ती बोटे कितीदा मोजली गेली ते मी पाहिले, पण मला त्यातले काय कळणार? येशीने शेवटी सही केली. लिहिलेले तिला वाचून कुणी दाखवले नाही. साहेबांनी ते दाखवायचे होते. "तारखाबिरखा नंतर बघू," असे ते पुढच्या भेटीत म्हणाले.

ते 'नंतर' आलेच नाही. त्याआधी सरकारचे पत्र आले. त्यात लिहिले होते की अर्जदार बाईच्या सांगण्यात मेळ नाही. बाई म्हणते बावीस दिवस कैदेत होते, आणि तिने दिलेल्या तारखांवरून कैद वर्षापेक्षा जास्त भरते. सबब बाई विश्वास ठेवण्याजोगी नाही. अर्ज नामंजूर.

येशीला त्यातले 'नामंजूर' तेवढे समजले. साहेबांनी अपील दाखल केले, हे मात्र कबूल केले पाहिजे. पण लगोलग रोगाची साथ आली आणि साऱ्या जगालाच कुलूप लागले. वर्षभर मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ती खोलीत फेऱ्या घालायची. खिडकी ते दार सहा पावले, दार ते खिडकी सहा पावले. मला वाटायचे, बाई, मलाही ओढ ना बरोबर, गोल गोल का होईना.

कुलूप निघाले त्या पहिल्या मंगळवारी आम्ही धावत साहेबांच्या कचेरीवर गेलो. दारावरची पाटी गेली होती. भिंतीत चार खिळ्यांची भोके तेवढी होती आणि आत एक माणूस मोबाइलची कव्हरे मांडत होता.

"वकील? ते गेले गाशा गुंडाळून," तो म्हणाला. "तुम्ही आज आलेल्या पाचव्या."

तिची फाईल कुणाकडे गेली हे शोधण्यात आणखी सहा महिने गेले. अखेर बेथन नावाच्या तरुण वकीलबाईने तिचे काम घेतले. बेथन वेल्सची. ती केसांत पेन्सिल खोचायची आणि मग तीच पेन्सिल टेबलभर शोधायची. तिच्या टेबलाखाली इतक्या फायली होत्या की मला उभे राहायला जागा मिळेना. पण तिने मला स्वतः उचलून खुर्चीवर ठेवले. सॉलिसिटरच्या कचेरीत मला खुर्ची मिळाली ती हीच. तिने येशीला एक गोष्ट नीट समजावून सांगितली.

"मुलगी अठराची व्हायच्या आत तिच्यासाठी अर्ज गेला पाहिजे. अठरा पूर्ण झाली की ती सज्ञान, मग हा रस्ता बंद. पण घाबरू नका. कागदाप्रमाणे अजून वीस महिने आहेत."

येशीने घरी येताना बोटांवर हिशोब केला. पुन्हा केला. तिचा हिशोब वीसवर येत नव्हता. पण कायद्याचे मोजमाप वेगळे असेल असे समजून ती गप्प राहिली. तिचे चुकले ते इथे, असे मी म्हणेन. पण ज्याला सरकारनेच 'तुझा हिशोब चुकतो' असे ऐकवले, तो स्वतःच्या बोटांवर तरी किती विश्वास ठेवणार?

बेथनने मुलाखतीची एक प्रत येशीला दिली होती, आणि तारखा जुळत नाहीत म्हणून सरकारने तिला खोटी ठरवले, हेही सांगितले होते. ती घेऊन येशी गाशे तेफेरांकडे गेली. 'गाशे' हे वडीलधाऱ्याला मानाने म्हणायचे. तेफेरा तिकडे गणिताचे मास्तर होते. इथे चर्चचे कॅलेंडर तेच तयार करत, सण आणि उपवास त्यांच्याच पेन्सिलीने ठरत. त्यांना इंग्रजी चांगले येई. घाई मात्र अजिबात येत नसे.

"आधी कॉफी," गाशे म्हणाले.

"गाशे, आधी एक पान तरी बघा ना."

"तीन पेले झाल्याशिवाय मी सरकारी कागदाला हात लावत नाही. रिकाम्या पोटी विष घेऊ नये."

तिकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीचे तीन पेले होईपर्यंत उठायचे नसते. बिया भाजायच्या, त्यांचा धूर सगळ्यांना हुंगायला द्यायचा, मग कुटायच्या. येशीची टाच वर-खाली होत होती आणि मी दाराशी तळमळत होते. तिसरा पेला संपवून गाशेंनी मिशा पुसल्या, चष्मा लावला आणि वाचायला लागले. आठव्या पानावर ते थांबले.

"येशी, तुला किती दिवस डांबलं होतं म्हणालीस?"

"बावीस."

"यांनी वर्षभर डांबलंय तुला. वर बावीस दिवस फुकट."

मग त्यांनी कॅलेंडर काढले आणि तिला समजावले. मित्रांनो, तुमच्यात 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतात. येशीच्या देशात तेरावा महिना दरवर्षीच येतो, आणि तो पाच-सहा दिवसांचा असतो. तिकडचे नवे वर्ष सप्टेंबरात लागते आणि त्यांचे साल आपल्या इंग्रजी सालाच्या मागे चालते. इंग्रजी साल काढायचे तर नव्या वर्षापासून डिसेंबर अखेरपर्यंत सात मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे आठ. येशीला पकडले ते त्या तेराव्या महिन्यात, म्हणजे जुने साल संपता संपता. तिथे आठ मिळवायचे. ती सुटली ते नव्या सालाच्या पहिल्याच महिन्यात. तिथे सात मिळवायचे. दुभाष्याला एवढेच ठाऊक होते की आठ मिळवायचे असतात. त्याने दोन्हीकडे आठ मिळवले आणि बावीस दिवसांवर अख्खे वर्ष चढले. पाच आणि तीन बोटे! मी ती मोजणी पाहिली होती. मला तेव्हा वाचा असती तर!

येशी रडली नाही, हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला. "म्हणजे मी खोटी नव्हते," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. गाशे मात्र हसत नव्हते. ते शेवटच्या पानावर आले होते.

"मेकलितचा जन्म कधीचा?"

"हिदार महिन्यातला. बारा तारीख, मिकाएलचा सण. सत्त्याण्णव साल."

"हिदार म्हणजे नोव्हेंबर. सात मिळवायला हवे होते. त्या शहाण्याने इथंही आठ मिळवले." गाशेंनी चष्मा काढला. "कागदावर तुझी पोर वर्षानं लहान आहे, येशी."

वकीलबाईचे वीस महिने कुठून आले ते आता उघड झाले. खरे उरले होते आठच.

गाशेंनी कॅलेंडर मिटले. मग गाशे हळूच म्हणाले, "असं कर. कैदेच्या तारखा दुरुस्त करून घे. पोरीच्या तारखेला हात लावू नकोस. तिकडे बावीस दिवसांचं वर्ष केलं, इकडे वर्षाची भीक घातली. देवानंच फिट्टंफाट केली समज."

"आणि विचारलं तर?"

"कोण विचारतंय? तुला माहीत, मला माहीत, आणि ह्या पिशवीला."

मी खरे सांगते, मित्रांनो, मी गाशेंच्या बाजूची होते. ज्यांनी चार वर्षे तिला तिष्ठत ठेवले त्यांच्याशी सचोटीने वागायचे तिच्यावर काय बंधन होते? माझ्या हातात असते तर ते शेवटचे पान मी शिवणीत गडप केले असते. येशी तीन दिवस मला घेऊन उगाचच हिंडली. टेकडी उतरली, टेकडी चढली. भाजी न घेता बाजारातून परत आली. चौथ्या दिवशी तिने बाहिर दारला फोन लावला आणि मेकलितला सगळे सांगितले.

"सोळा?" मेकलित तिकडून ओरडली. फोन कानापासून लांब धरावा लागला. "आई, वर्गात सगळ्यांत मोठी म्हणून मला मॉनिटर केलंय. सोळा म्हणालीस तर माझी खुर्ची जाईल!"

"थट्टा नको गं. एक वर्ष जास्त मिळतंय. तुला आणायला."

मेकलितने आवाज खाली आणला.

"आई, तू दर मिकाएलला फोन करून सांगतेस, आज इतकी वर्षं झाली तुला. यंदा काय सांगशील? एकदा अठरा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अठरा?"

"आणि उशीर झाला तर?"

"तर मी माझी मोठी होऊन येईन. तू खोटी ठरू नकोस. खोटी ठरलीस म्हणूनच तर चार वर्षं गेली ना?"

फोन ठेवल्यावर येशी माझ्या दांडीवर डोके टेकून रडली. दुसऱ्या दिवशी तिने बेथनला दोन्ही चुका सांगितल्या. बेथनची केसांतली पेन्सिल खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"तुम्हाला कळतंय ना, वर्ष जातंय तुमचं?"

"हो."

"बरं. मग आजपासून मी दुपारचं जेवण टेबलाशीच करते."

खटला ब्रॅडफर्डच्या न्यायालयात होता. मे महिन्यात आम्ही गेलो, तर सरकारी वकिलाची फाईल आली नव्हती. तारीख पुढे गेली. जुलैत पुन्हा गेलो. टेबलाखालून मला न्यायाधीशबाईंचे पाय दिसत होते. त्यांचे मोजे दोन वेगळ्या रंगांचे होते आणि त्याने मला जरा धीर आला. सरकारी वकिलाने तारखांचा फार काथ्याकूट केला. गाशे तेफेरांनी आपले कॅलेंडर उघडून साक्ष दिली. शेवटी न्यायाधीशबाईंनी येशीला एकच प्रश्न विचारला.

"कैदेच्या तारखा दुरुस्त केल्यात, त्यात तुमचा फायदा होता. मुलीची तारीख का दुरुस्त केलीत? त्यात तुमचं नुकसान आहे."

येशी म्हणाली, "एक तारीख चुकली की सगळा माणूस खोटा होतो, हे मला इथं शिकवलं गेलं. मुलीला मी खोट्या तारखेवर कशी आणू?"

ऑगस्टमध्ये निकाल आला. अपील मंजूर. न्यायाधीशबाईंनी लिहिले होते की जी बाई स्वतःच्या तोट्याचे सत्य सांगते तिच्यावर मी विश्वास ठेवते. घरात चारही बायका नाचल्या. गाशेंनी चौथा पेला घेतला, जो कुणी कधी घेत नाही.

पण निकाल म्हणजे परवाना नव्हे. मुलीसाठी अर्ज करायचा तर येशीच्या राहण्याचे सरकारी पत्र हाती हवे होते, आणि ते पत्र येईना. सप्टेंबर गेला. तिकडचे नवे वर्ष लागले. ऑक्टोबर गेला. बेथन दर आठवड्याला लिहायची आणि दर आठवड्याला एकच उत्तर यायचे, 'आपला विषय विचाराधीन आहे'. येशी दिवसातून चारदा टपालाच्या फटीशी जायची. रात्रीची भाकरी तव्यावर करपायची. माझ्या आत कागद सळसळत, आणि मला वाटे की कुणीतरी मला टेकडीच्या टोकावरून सोडून द्यावे, फुटले तर फुटले, पण हे उभे राहणे नको.

मिकाएलचा सण सोमवारी होता. आदल्या शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास पत्र आले.

बेथन फोनवर म्हणाली, "मूळ पत्र घेऊन या. तुमची सही माझ्यासमोर हवी. सोमवारी ती अठराची होते, आणि पाचला इमारतीला कुलूप लागतं. निघा."

येशीने मला धरले आणि आम्ही निघालो. थांब्यावर बस नव्हती. दहा मिनिटे झाली, वीस झाली. एक आली ती भरलेली, न थांबताच गेली. तेव्हा येशी पायीच उताराला लागली. मी मागे उड्या मारत होते. आयुष्यात एवढ्या वेगाने मी कधी धावले नव्हते. अर्ध्या उतारावर फरशी उचकटलेली होती. माझे डावे चाक तिच्यात अडकले आणि कडकन तुटले. चाक रस्ता ओलांडून गटारात गेले. येशीने मला दोन-तीन पावले फरपटत नेले. मग ती थांबली. तिने माझे तोंड उघडले, आजचे पत्र घेतले, मेकलितचा जन्माचा दाखला घेतला. बाकी चार वर्षांचे कागद, ज्यांच्याशिवाय ती दूध आणायलासुद्धा जात नव्हती, तसेच माझ्यात ठेवले. मला एका कुंपणाला टेकवले आणि मोकळ्या हातांनी धावत सुटली.

तिने मागे वळून पाहिले नाही. मित्रांनो, टाकून दिलेल्या वस्तूला वाईट वाटते असे तुम्ही ऐकले असेल. मला धर्मादाय दुकानात वाटले होते. त्या कुंपणाशी मात्र मला एकच वाटत होते, पळ, बाई, पळ, माझा विचार करू नकोस.

अंधार पडता पडता ती परत आली. चालत. माझ्याशेजारी फरशीवरच बसली आणि बराच वेळ श्वास घेत राहिली.

"चार बेचाळीस," ती मला म्हणाली. "चार बेचाळीसला गेला अर्ज."

मग तिने मला, एका चाकाच्या, कागदांनी गच्च भरलेल्या मला, कडेवर उचलले आणि टेकडी चढली.

त्यानंतरही मेकलितचा परवाना यायला आठ महिने लागले. आता माझ्या डाव्या बाजूला बाबागाडीचे चाक आहे, गाशेंनी बसवलेले, जरा मोठे. त्यामुळे मी थोडी तिरकी चालते. कागद एका खोक्यात गेले आणि माझ्यात पुन्हा कांदे-बटाटे आले. संध्याकाळी मी रिकामी होते तेव्हा मला अजून दचकायला होते.

तुमच्यातले काही जण मोठेपणी टेबलाशी बसतील. तुमच्या टेबलावर कुणाचा तरी कागद येईल. तो पडून राहू देऊ नका. कागदाला भूक लागत नाही, वय वाढत नाही, म्हणून तो स्वस्थ पडून राहू शकतो. ज्याचा तो असतो त्याचे तसे नसते. त्याला त्याचे लिहिलेले वाचून दाखवा. एका सहीला तुम्हाला किती वेळ लागतो ते तुम्ही घड्याळात पाहता. तो माणूस ते आपल्या मुलांच्या उंचीत पाहतो.

मेकलित जुलैत आली. दारातून आत येताना तिने वाकून चौकट चुकवली, इतकी ती उंच झाली होती. आईच्या खांद्याला लागणारी मुलगी गेली होती, आली ती आईपेक्षा टीचभर उंच. दोघी आधी खूप बोलल्या. मग परक्या पाहुण्यासारखी मेकलित पलंगाच्या काठावर बसून राहिली. तेव्हा येशीने तेल आणि फणी काढली, तिला खाली आपल्या पायांशी बसवले आणि तिचे केस मोकळे केले. तिची ती न वळणारी दोन बोटे बाजूला ठेवून उरलेल्यांनी ती बट बट वेगळी करून वेण्या घालू लागली. वेळ लागत होता.

"आई, मला येतात गं घालायला," मेकलित म्हणाली. "मावशीकडं माझ्या मीच घालायचे."

"ठाऊक आहे," येशी म्हणाली. "सहा वर्षांच्या राहिल्यात. हलू नकोस."